मार्करने बोलायचं नाही

"काशीकाका, माझे कुठले? पट्टेवाले की साधे?"

नविनने विचारलं आणि डहाणूच्या त्या पूल पार्लरमधली कुजबुज थांबली. टेबलावर पाच बॉल उरले होते. दोन नविनचे, दोन त्याच्याविरुद्ध खेळणाऱ्या उधव्याच्या देवजीचे आणि शेवटी घालायचा काळा. अर्धा तास खेळून झाल्यावर आपले बॉल कुठले हे कोणी विसरत नाही. पैजेवर नविनचा टेम्पो होता. चावी काउंटरवर मालकासमोर पडली होती.

काशीनाथ तिथे बावीस वर्षं मार्कर होता. बॉल लावायचे, टेबल झाडायचं, फाऊल सांगायचा. पैजेच्या डावात मार्करने यापलीकडे तोंड उघडायचं नाही, हा मालकाचा नियम त्याने कधी मोडला नव्हता.

नविनच्या हातात पहिल्यांदा क्यू त्यानेच दिला होता. नविन नरपडचा, वाड्यांमधले चिकू टेम्पोने बाजारात पोचवणारा. खेळायला घाबरट, आणि तीच त्याची ताकद. बॉल जाण्यासारखा नसला की पांढरा बॉल दुसऱ्या बॉलांमागे लपवून ठेवायचा आणि समोरच्याच्या चुकीची वाट बघायचा. पैजा लावू लागला तशी त्याच्या छातीत धडधड सुरू झाली. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून तो गोळ्या घेऊ लागला. धडधड थांबली. दोन महिने तो जिंकत राहिला. पण धडधडीबरोबर भीतीही गेली होती. लपवाछपवी त्याने सोडलीच. न जाणारे बॉलही मारायचा आणि चुकला की हसायचा. एकदा तर आदल्या दिवशी आपण हरलो हेच त्याला आठवेना. काशीनाथने समजावलं, तेव्हा गोळीशिवाय आता क्यू धरवत नाही म्हणाला.

गेल्या आठवड्यात नविनची बायको कविता पार्लरच्या दारापर्यंत आली होती. आत न येताच तिने विनवलं, की काका, ह्यांना खेळू देऊ नका. आपल्या हातात काही नाही, असं सांगून काशीनाथने तिला परत पाठवलं होतं. ते त्याच्या मनातून जात नव्हतं.

त्याने मालकाकडे पाहिलं. मालकाने मान हलवली, नाही.

"तुझे पट्टेवाले," काशीनाथ म्हणाला.

मालक उठून उभाच राहिला. देवजी मात्र स्टुलावरून हलला नाही. हातातली पाण्याची बाटली खाली ठेवत तो म्हणाला, "सांगितलं तर सांगितलं. खेळू दे त्याला."

नविन हसला. "काका, तुम्हीपण मला फसवता? साधे माझे."

तो वाकला. नेम सुरेख धरला होता त्याने. साधा बॉल कडेला न लागता सरळ खिशात गेला. सगळ्यांनी काशीनाथकडे पाहिलं. बोलायचं काम मार्करचं होतं.

"फाऊल," काशीनाथने सांगितलं.

उरलेला एक साधा आणि काळा देवजीने घाई न करता घातला. चावी उचलताना त्याने नविनकडे बघायचं टाळलं. मालकाने काशीनाथला उद्यापासून येऊ नकोस म्हटलं. काशीनाथने टेबल झाडलं, त्यावर कापड घातलं आणि नविनला दंडाला धरून बाहेर आणलं.

रिक्षात बसायला नविन तयार होईना, म्हणून दोघे नरपडच्या रस्त्याने चालत निघाले. ऊन उतरत होतं. वाटेत नविनने विचारलं, "काका, टेम्पो कुठे लावलाय मी?" काशीनाथने झालं ते सगळं सांगितलं. नविन रस्त्यातच बसून रडला. पुलाजवळ आल्यावर त्याने पुन्हा तेच विचारलं. काशीनाथने पुन्हा सांगितलं, तो पुन्हा तसाच रडला. तिसऱ्या वेळी काशीनाथ फक्त "चल" म्हणाला.

कविता अंगणात चिकूचे क्रेट रचत होती. पहाटे बाजारात जायचा माल होता. दोघांना पायी येताना पाहून तिने त्यांच्यामागचा रस्ता बघितला आणि काही न विचारता आत जाऊन फोन लावला. उद्या दुसरा टेम्पो पाठवा, एवढंच ती वाडीवाल्याला म्हणाली.

ओट्यावर बसलेल्या नविनने तिला विचारलं, "कविता, टेम्पो कुठे लावलाय मी?"

"गेला तो," ती म्हणाली.

नविनला रडू फुटलं. दुसरा टेम्पो अंगणापर्यंत येणार नव्हता, पहाटे रस्त्यावरूनच माल उचलणार होता. कविताने पहिला क्रेट एका बाजूने धरला, काशीनाथने दुसऱ्या बाजूने, आणि दोघे तो रस्त्याच्या कडेला घेऊन निघाले.