न दुखणारा डाग

शेठच्या दुकानातल्या मनसुखभाईनं साडीची घडी लाभुबेनच्या ओट्यावर टाकली, तेव्हा गल्लीत बांधणी बांधत बसलेल्या सगळ्या बायकांच्या माना एकदम वळल्या.

"ही तुमचीच ना?" त्यानं विचारलं.

लाभुबेननं घडी उलगडली. लाल रंगात पांढरे, पिवळे ठिपके उमटायला हवे होते. तिथं जागोजागी रंग आत शिरला होता. गाठी सैल बसल्या होत्या आणि रंगाच्या पातेल्यात सुटल्या होत्या. ठिपके कसले, नुसते डाग दिसत होते.

"माझीच आहे," ती हळूच म्हणाली.

"शेठ म्हणाले, लाभुबेनचं काम असूच शकत नाही. कुणा शिकाऊ पोरीकडून बांधून घेतलं असेल."

"करंगळी म्हातारी झाली तिची," समोरच्या ओट्यावरून चंपाबेन म्हणाली आणि सगळ्या हसल्या. लाभुबेनही हसली. पण मनसुखभाई गेल्यावर तिनं डावा हात मांडीवर घेतला आणि करंगळीकडे बघत राहिली.

लग्न होऊन जामनगरात आली तेव्हापासून ही करंगळी तिचं पोट भरत होती. वाढवलेल्या नखानं कापड खालून उचलायचं, अगदी मोहरीएवढं, त्यावर उजव्या हातानं दोऱ्याचे वेढे आवळायचे आणि पुढं सरकायचं. त्याला डोळे लागत नाहीत, बोटालाच कळतं. होळीपासून मात्र बोटाला कळेनासं झालं होतं. नखावर कापड आलं की नाही हे तिला वाकून बघावं लागे. करंगळीच्या शेजारचं बोटही कधीकधी दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं वाटे.

आणि तो डाग. डाव्या कोपराखाली, आतल्या बाजूला. हीरल कॉलेजात होती तेव्हा तो नाण्याएवढा होता, फिकट, कोरडा. खाजत नव्हता, दुखत नव्हता. नाक्यावरच्या मेडिकलवाल्यानं न बघताच ट्यूब दिली होती. सासूबाईंनी, पूरीबांनी, बावचीचं तेल चोळायला सांगितलं होतं. त्या "कोड" हा शब्द उच्चारत नव्हत्या, पण तेल कशावरचं आहे हे दोघींनाही ठाऊक होतं. लग्नाची मुलगी असलेल्या घरात तो शब्द कोण काढणार? लाभुबेननं लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले. वैशाखात बायका विचारत, "काय लाभुबेन, थंडी वाजते का?" ती म्हणे, "नवी फॅशन आहे, तुम्हाला काय कळणार." तोवर डाग तळहाताएवढा झाला होता.

आता तर हीरलचं ठरलं होतं. मुलगा, पार्थिव, खंभाळियाचा. साधी, खाऊनपिऊन सुखी माणसं. लग्न हिवाळ्यात. अशा वेळी डागाकडे न बघणं हाच लाभुबेनला त्यावरचा उपाय वाटत होता.

त्या आठवड्यात ती बाजरीचे रोटले भाजत होती. तोंडानं पूरीबांशी बोलत होती, उजव्या हातानं रोटला उलटत होती. तेवढ्यात हीरल बाहेरून धावत आली.

"मम्मी, कसला वास येतोय? मम्मी, हात!"

लाभुबेननं खाली बघितलं. डाव्या हाताची कड तापलेल्या तावडीच्या, मातीच्या तव्याच्या काठावर टेकली होती. कातडी पांढरी पडून वर आली होती. तिनं हात उचलला तो हीरल ओरडली म्हणून. चटका बसला म्हणून नाही.

हीरलनं तिचा हात नळाखाली धरला. पोरीचे डोळे भरले होते. "किती आग होत असेल गं!"

"होत नाहीये."

"म्हणजे?"

"होईल जरा वेळानं." पण जरा वेळानंही झाली नाही. टरारून फोड आला, तरी हात शांत. हीरलनं बाही वर सारली आणि तो डाग पहिल्यांदा उजेडात नीट बघितला. मग एक सेफ्टी पिन आणली, टोक डागावर हलकेच टेकवलं आणि आईच्या तोंडाकडे बघितलं. लाभुबेन तिच्याकडेच बघत होती, हातावर काय चाललंय याचा पत्ता नसल्यासारखी.

"उद्या चामडीच्या डॉक्टरकडे जायचं," हीरल म्हणाली.

"वेडी की काय? तिथं बसलेलं कुणी बघितलं तर? लग्न होऊ दे तुझं, मग दाखवू."

"तू नाही गेलीस तर मी पप्पांना सांगेन. त्यांनी नाही ऐकलं तर पार्थिवला सांगेन. तोच गाडी घेऊन येईल."

या धमकीपुढे लाभुबेनचं काही चाललं नाही. मात्र हीरलला तिनं सोबत येऊ दिलं नाही.

सरकारी दवाखान्यात चर्मरोग विभागाबाहेर लांब बाकडी होती. लाभुबेन पदर कपाळापर्यंत ओढून कडेला बसली. एक कॉलेजातला पोरगा गालावरच्या मुरमांना सारखा हात लावत होता, त्याची आई तो हात सारखा खाली ओढत होती. एक बाई मांडीवरल्या तान्ह्याला खाजवू देत नव्हती आणि ते रडत होतं. सगळ्यांना काहीतरी होत होतं. आपल्याला काहीच होत नाही, तरी आपण इथं का, असं लाभुबेनला वाटलं. उठून जावं, असंही वाटलं.

शेजारी एक बाई ओढणीनं पूर्ण तोंड बांधून, वर काळा चष्मा लावून बसली होती. दारातून नर्सनं हाक मारली, "भानुबेन कांतिलाल! खंभाळिया!"

चष्मेवाली उठली. पार्थिवची आई, होणारी विहीण! नाव ऐकून लाभुबेननं मान वर केली, आणि विहीणबाईंनीही तेव्हाच तिला ओळखलं.

"अरे, तुम्ही!"

"तुम्ही इकडे?"

"डोळ्यांचा नंबर काढायला आले होते," भानुबेन म्हणाल्या. डोक्यावर चर्मरोग विभागाची पाटी होती.

"माझं आपलं हे, रोटल्यावर भाजलं. मलमपट्टी," लाभुबेन म्हणाली.

दोघींनी पाटीकडे बघायचं टाळलं. भानुबेन आत गेल्या. दार पुरतं लागत नव्हतं.

"हे कुणी दिलं लावायला?" डॉक्टरीणबाईंचा आवाज आला.

"पार्लरवालीनं. गोरं व्हायला. मुलाचं लग्न आहे, फोटो निघतील..."

"आणि आता उन्हात गेलं की आग होते, लाली जात नाही, लावायचं सोडलं की आणखी वाढतं. बरोबर? अहो, चेहरा आहे की भिंत, दिसेल तो रंग फासायला?"

लाभुबेन मुद्दाम खोकली. आपल्याला ऐकू येतंय हे विहीणबाईंना कळू नये असं वाटत होतं, आणि खोकून ते तिनंच कळवलं.

मग तिची पाळी आली. डॉक्टर ओझा पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. पण डाग बघताच त्यांचा आवाज खाली आला.

"डोळे मिटा. मी हाताला कापूस लावीन. जिथं लागेल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं."

लाभुबेननं डोळे मिटले. दंडावर लागलं, तिनं बोट ठेवलं. मनगटावर लागलं, तिथंही ठेवलं. मग ती वाट बघत राहिली. डॉक्टरीण बहुधा काही लिहीत असावी.

"लावा ना, बेन," ती म्हणाली.

"लावतेय," डॉक्टर म्हणाल्या.

लाभुबेननं डोळे उघडले. कापसाचं टोक डागावर फिरत होतं. तिथून ते करंगळीवर गेलं. हात तिचाच होता, आणि तिला काही म्हणजे काही लागत नव्हतं.

डॉक्टरांनी कोपराच्या मागची शीर चाचपली. "जाड झाली आहे. लाभुबेन, नीट ऐका. हे कोड नाही. हा कुष्ठरोग आहे."

पुढचे काही शब्द लाभुबेनपर्यंत पोचलेच नाहीत. डॉक्टरांनी तिचा तोच बधिर हात आपल्या दोन्ही हातांत धरला, तेव्हा तिचं लक्ष गेलं. ही बाई हात धरते आहे. हातमोजे वगैरे काही न घालता.

"हा बरा होतो. काही महिने गोळ्या घ्यायच्या, इथंच मिळतात. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत तुमच्यापासून कुणाला लागत नाही. घर सोडायचं नाही, भांडी वेगळी करायची नाहीत. कळलं?"

"बोट?"

होळीपासून बोटाला कळत नाही, हे लाभुबेननं सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "बोट अलीकडे गेलंय म्हणता, म्हणून आशा आहे. शिरेची सूज उतरायला वेगळं औषध देते. पण वचन देत नाही. नुसता डाग होता तेव्हाच आला असतात तर बोटापर्यंत गोष्ट आली नसती."

"दुखत नव्हतं, बेन. खाजतही नव्हतं."

"सगळे हेच म्हणतात. खाज सुटली की माणूस धावत येतो. पण डाग असून तिथं काहीच कळत नाही, तेव्हा तर आधी यायला हवं." मग त्या म्हणाल्या, "घरच्या सगळ्यांना घेऊन या. तपासायला हवं. मुलीलाही."

बाहेर भानुबेन थांबल्या होत्या. चहाचे दोन कप घेऊन.

"काय म्हणाली?"

"ॲलर्जी," लाभुबेन म्हणाली. शब्द आपोआप बाहेर पडला.

भानुबेननी इकडेतिकडे बघून ओढणी खाली केली. गाल लालभडक झाले होते, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. "नंबरबिंबर काही नव्हतं हो. तुम्ही ऐकलंच असेल. घरच्यांना सांगितलेलं नाही, लाज वाटते. पण तुम्ही तर आता आमच्यातल्याच." त्या ओशाळं हसल्या. "चहा घ्या."

लाभुबेननं कप तसाच हातात धरून ठेवला.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. वजुभाई पितळेच्या कारखान्यातून येऊन हातपाय धूत होते. ते तसेच ओल्या पायांनी खाटेवर बसले. पूरीबांनी कपाळाला हात लावला. "आमच्या गावात एक होता. वेशीबाहेर झोपडीत राहायचा. भाकरी लांबून टाकायचे त्याला."

"बा, गप्प बस," वजुभाई म्हणाले.

लाभुबेनला स्वतःची भीती वाटत नव्हती. हीरल लहानपणी याच दंडावर डोकं ठेवून झोपायची, आजही वीज गेली की येऊन बिलगते. आपण पोरीला काय देऊन बसलो? त्या दिवशी हीरल जवळ आली की ती काहीतरी निमित्त काढून उठत होती. शेवटी हीरल चिडली. "मम्मी, उगाच पळू नकोस. उद्या तपासणी आहे ना, मग उद्याच काय ते रड."

दुसऱ्या दिवशी सगळे गेले. डॉक्टरांनी हीरलची पाठ, हात, पाय, कानाच्या पाळ्या बघितल्या. प्रत्येक वेळी त्या थांबल्या की लाभुबेन पुढं झुके. पोटरीवर एक फिकट ठिपका होता, तिथं त्या फार वेळ रेंगाळल्या.

"हा कधीपासून?"

"सायकलवरून पडले होते. लहानपणी."

डॉक्टरांनी पुन्हा कापूस लावला. हीरल खुदकन हसली. "गुदगुल्या होतात."

"होऊ देत. झाल्याच पाहिजेत," डॉक्टर म्हणाल्या. "पोरगी ठीक आहे."

लाभुबेन भिंतीला टेकली. पूरीबांच्या अंगावर सुरकुत्यांखेरीज काही निघालं नाही. निघालं ते वजुभाईंच्या कमरेवर: भलामोठा नायटा. नाक्यावरच्या मेडिकलवाल्याची तीच ट्यूब ते वर्षभर गुपचूप चोळत होते. डॉक्टर त्यांच्यावर अशा काही बरसल्या की पूरीबा पदराआड हसल्या.

परत येताना हीरल म्हणाली, "पार्थिवला मी सांगते."

"नको. तुझ्या सासूला मी तोंडावर खोटं सांगितलंय. ते मलाच फेडायला हवं."

ती एकटीच खंभाळियाच्या बसमध्ये चढली. भानुबेननी गाठिया, मिरच्या, ताक असं सगळं पुढं मांडलं. लाभुबेननं कशालाही हात न लावता सांगून टाकलं. काय झालंय, डॉक्टर काय म्हणाल्या, हीरल तपासली, ती ठीक आहे.

भानुबेनचा चेहरा थोडा निवला होता, पण आता पुन्हा लाल झाला.

"मी त्या दिवशी तुम्हाला तोंड उघडून दाखवलं," त्या म्हणाल्या. "माझ्या सख्ख्या बहिणीला दाखवलं नाही ते. आणि तुम्ही म्हणालात, ॲलर्जी."

"चुकले मी. घाबरले होते."

"घाबरले तर मीही होते." भानुबेन उठून आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्या. "माझ्या एकटीच्या हातात काही नाही. यांना सांगायला हवं, जेठांना, थोरल्या दिरांना, सांगायला हवं. तुम्ही जा आता. ऊन होईल."

लाभुबेन निघाली. ताकाचा पेला भरलेलाच राहिला.

मग वाट बघणं सुरू झालं. गोळ्यांच्या पहिल्या डोसानंतर लघवी लाल झाली. डॉक्टरांनी आधी सांगूनही ती घाबरलीच. फोन वाजला की पूरीबा आधी हीरलकडे बघत, मग फोनकडे. पार्थिव हीरलशी रोज बोलत होता, पण घरातली बोलणी त्यालाही नीट कळत नव्हती. जेठ म्हणे नको म्हणत होते. भानुबेन जेठांना घेऊन डॉक्टर ओझांकडे जाऊन आल्या, एवढं मात्र त्याच्याकडून कळलं. तिथं काय झालं ते कळलं नाही. लाभुबेन ओट्यावर बसायची, कापड मांडीवर घ्यायची आणि डोळ्यांनी बघून बघून बांधायची. गाठ घट्ट बसे, पण पूर्वी दिवसात व्हायचं ते आठवड्यात होत नव्हतं. चंपाबेननं विचारलं, "काय झालंय गं?" तेव्हा तिनं सांगितलं. दोन दिवस चंपाबेन ओट्यावर आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली, थोडी लांब बसली, आणि जाताना म्हणाली, "ती डॉक्टरीण कुठल्या वारी असते? माझ्या जावेला दाखवायचंय."

पाऊस येऊन गेला. नवरात्र जवळ आलं. एका दुपारी फोन वाजला आणि भानुबेनचा आवाज आला, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

"लाभुबेन, वऱ्हाडाला उतरायला जागा कुठं बघितलीत?"

लाभुबेननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकताय ना? आमच्या मोठ्या जाऊबाईंचे गुडघे गेलेत. त्यांना तळमजलाच लागेल. जेठ कुरकुर करतील, करू देत, त्यांना डॉक्टरीणबाईंनी चांगलंच ऐकवलंय. आणि हो, पार्लरवाली बिलकूल बोलवायची नाही. हीरलसाठीही नाही. मी सांगते म्हणून सांगा तिला."

"हो," लाभुबेन म्हणाली. "तळमजला बघते."

"बोट कसं आहे?"

"टोकाला जरासं कळतं कधीकधी. मुंग्या येतात."

"येऊ देत," भानुबेन म्हणाल्या आणि जेवणात काय करायचं ते विचारू लागल्या.