वाट्यांत पाय ठेवून उभा राहिलेला पलंग

“आई, सरक की जरा. तुझं कोपर रुततंय बरगडीत.”

“तूच म्हशीवानी पसरलीस. मी कडंला लोंबकळतीय, दिसत न्हाई का?”

मित्रांनो, मायलेकींची ही कुरकुर रोज सकाळी माझ्या अंगावरच चालते. मी मिरजगावातला एक जुना बाभळीचा पलंग. मोनिकाच्या लग्नात आंदण द्यायला रामहरी सुतारानं मला घडवलं, उशाकडं दोन मोर कोरले. येणारेजाणारे मोरांवर हात फिरवून म्हणत, “काम लई भारी हाय.” तेव्हा मी मोनिका आणि रविराजचा होतो.

मग त्यांच्या सृष्टीला लहानपणीच साखरेचा आजार निघाला. इन्सुलिनची सुई रोजची झाली. झोपेत साखर उतरली तर पोरीला कळायचं नाही, म्हणून मोनिका तिला कुशीत घेऊन झोपू लागली. मानेला घाम लागला की उठवून साखरपाणी पाजायची. रविराज ‘थोडे दिवस’ म्हणून पडवीत गेला, तो तिकडचाच झाला. नवराबायकोचं बोलणं म्हणजे “साखर किती आली?” आणि “वाढलीय.”

उशाशी साखरेची पुडी आली, मागोमाग मुंग्या आल्या. मोनिकानं माझे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. मुंग्या अडल्या, पण मी खालून कुजत गेलो. मित्रांनो, एकाची काळजी घेताना बाकीच्यांकडंही अधूनमधून वाकून बघत जा. माझ्याकडं कुणी बघितलं नाही, आणि पडवीकडंही नाही.

सृष्टीची आजी म्हणायची, “वयात आली की जाईल आजार.” डॉक्टर तसं कधीच म्हणाले नव्हते, पण घरात कुणी आजीचं बोलणं खोडलं नाही. आता सृष्टीचा नगरच्या कॉलेजात नंबर लागलाय, तिकडं एकटीनं राहावं लागणार, तरी मोनिकाचं एकच, “आधी बरी होऊ दे.”

आज सकाळी माझा एक पाय मोडला. रविराजनं वाकून पाहिलं.

“चारी पाय गेलेत. दोन कॉट आणू. पोरीला एकटीनं निजायची सवय लागंल.”

“अन् साखर उतरली तर? पडवीत तुमाला काय कळतंय?”

“कळायला आत कधी बोलावलंस?”

सृष्टीनं मोनिकाचा हात धरला.

“आई, हा आजार जायचा न्हाई. मी म्हातारी झाले तरी राहणार हाय. तू कुठवर जागशील? मला एकटीनं निजायला शिकव.”