वरचा चौकोन

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे रेडिओ म्हणतात. मेला झोपेतसुद्धा बडबडायचा. मेंदूचा झटका आला आणि वाचाच गेली. आता उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलतं, आणि दिवसभर कण्हतो.

मी गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. म्हटलं, रडत बसण्यापेक्षा याच्यासाठी काहीतरी करू. ऑफिसच्या प्रोग्रॅममधली यादीच उचलली. वर कप्पा, त्याच्या पोटात खोकी, प्रत्येकापुढे टिक करायचा चौकोन. कप्प्याच्या जागी लिहिलं 'दुखतंय'. खोक्यांच्या जागी डोकं, मान, खांदे, पाठ, पोट, गुडघे, पावलं. स्क्रीनवर एक पट्टी ओळीओळीनं आपोआप खाली सरकते. हवी ती ओळ आली की त्यानं बोटाखालचं बटण दाबायचं. खालचं एखादंच टिक केलं तर वरचा चौकोन अर्धा भरतो, सगळी केली तर पूर्ण.

लिहायला सोपं वाटलं होतं, पण नाकी नऊ आले. वरचा बदलला की तो खालच्यांना बदलायचा, खालचे बदलले की ते पुन्हा वरच्याला. आई आणि मी भांडतो तसंच, थांबायचं नावच नाही. प्रोग्रॅम लटकायचा. तेही निस्तरलं.

डॉक्टरबाई घरी आल्या तेव्हा मी कौतुकानं लॅपटॉप पुढे मांडला. त्या म्हणाल्या, "नेमकं कुठे दुखतंय ते कळू दे. मग तिथला इलाज करता येईल. नुसत्या कण्हण्यावरून मी काय ओळखणार?"

पट्टी पहिल्याच ओळीवर आली, 'दुखतंय'. रेडिओनं बटण दाबलं. झालं! खालचे सगळे चौकोन फटाफट भरले, डोक्यापासून पावलांपर्यंत.

"सगळीकडे?" बाईंनी चष्मा सावरला.

"नाही हो! हे प्रोग्रॅमचं चुकतंय," मी घाईघाईनं म्हटलं. "गोदामात कप्पा निवडला की आतली खोकी आपोआप निवडली जातात. तेच इथे आलंय. त्याला नुसतं 'दुखतंय' एवढंच म्हणायचं होतं."

तेवढ्यात पट्टी पुन्हा 'दुखतंय'वर आली आणि रेडिओनं बटण दाबलं. सगळं पुसलं गेलं. पट्टी फिरून आली, पुन्हा दाबलं, सगळं भरलं.

"अरे, थांब की जरा!" मी खेकसलेच. "करते ना दुरुस्त! बटण मोडशील."

बाई म्हणाल्या, दुरुस्त झालं की कळवा.

मग मी वरचा चौकोन त्याच्या हातातून काढूनच घेतला. पट्टी त्या ओळीवर थांबणारच नाही. खालचं एकेक निवडायचं, वरचा आपला आपण ठरेल. कामावर दांडी मारली, साहेबाची बोलणी खाल्ली, पण एकेक चौकोन तपासला. एकदम चोख. आता सापडणार म्हणजे सापडणार. खांदा म्हणा, गुडघा म्हणा, कुठली तरी एक जागा. तिथे शेकू, चोळू, इंजेक्शन देऊ, पण माझा भाऊ जरा सुखानं झोपू दे.

डॉक्टरबाई पुन्हा आल्या. आई त्याच्या उशाशी बसली. पट्टी डोक्यावर आली आणि त्यानं बटण दाबलं. वरचा चौकोन अर्धा भरला.

"डोकं!" मी ओरडले.

"बघा, सापडलं!" आई म्हणाली. केवढा आनंद झाला तिला.

पट्टी मानेवर गेली. त्यानं बटण दाबलं. खांद्यांवर बोट घसरलं, ओळ हुकली. पाठ. पोट. गुडघे. पावलं. दर वेळी बोट उचलायला त्याला एवढे कष्ट पडत होते की कानशिलं घामानं भिजली.

"राहू दे रे राजा," मी म्हणाले. "कळलं आम्हाला."

त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पट्टी फिरून वरून खाली येईपर्यंत वाट पाहिली आणि खांद्यांवर आली तशी दाबलं. वरचा चौकोन आपोआप पूर्ण भरला.

डॉक्टरबाईंनी पेनला टोपण लावलं. ह्याच्यापुढे मी काय लिहू, कुठलं बटण देऊ?

आईला त्या चौकोनांतलं काही कळत नाही. तिनं हळूच विचारलं, "अगं, झालं का दुरुस्त? आता बरोबर दाखवतंय ना?"

"हो आई," मी म्हणाले. "बरोबर दाखवतंय."