पुसलेली फाईल

शिवशंकरनं कीबोर्ड उचलून टेबलावर आपटला. स्क्रीन काळी ती काळीच. कमलनगरच्या त्याच्या ऑनलाइन केंद्रात पीकविम्याचे अर्ज भरायला आठ माणसं रांगेत होती आणि आठही जण कामाला असलेल्या प्रेरणाकडे बघत होते.

"कामून हात लावलीस? विंडोजच उडवलीस की सगळी."

"माझ्या खात्यावरनं एक फाईल बी पुसता येत न्हाई, अण्णा. तुमीच तसं करून ठिवलाव."

"उलटून बोलू नको. दुरुस्त झालं तर ऱ्हा, न्हाई तर उद्यापून येऊ नको."

चार दिवस ती कानीकपाळी ओरडत होती. अँटिव्हायरसला विंडोजच्याच एका फाईलमध्ये व्हायरस सापडला होता. ती पुसू नका, नुसती साफ करा, असं तिनं दोनदा बजावलं होतं. पण साफ करायलाही मालकाचा पासवर्ड लागे, आणि तो टाकायची वेळ आली की शिवशंकर तिला खुर्चीवरून उठवून भिंतीकडे तोंड करून उभं करी. गिऱ्हाइकांसमोर, गेली तीन वर्षं. त्या भिंतीचा रंग कुठे कुठे उडालाय, हे तिला पाठ झालं होतं.

रांग कुरकुरत पांगली. प्रेरणानं पेनड्राइव्ह लावला आणि दात-ओठ खात पुसलेली फाईल पुन्हा बसवली. दुपारी दोनला कॉम्प्युटर सुरू झाला. ती सवयीनं उठली, शिवशंकरनं आपला पासवर्ड टाकला. लगेच अँटिव्हायरसची नोंद समोर आली.

प्रेरणा न विचारताच भिंतीकडून वळली आणि मोठ्यानं वाचू लागली. फाईल कायमची पुसली. काल संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं. खातं, शिवशंकर. ती तर सहालाच घरी गेली होती.

"व्हायरस हाय म्हनल्यावर पुसलेलंच बरं वाटलं मला," तो हळूच म्हणाला. "चुकलं. पासवर्ड लिहून देतो, घे. आजपून तूच बघ."

त्यानं कागद फाडून त्यावर लिहिलं. तिनं हात पुढे केला नाही.

"सकाळी आठ मानसं होती, अण्णा. आता दुकानात कोन हाय?"

"मग?"

"उद्या धाला ती मानसं परत येतील. मी बी येते. तवा बोला, सकाळी बोललाव तेवढ्याच मोठ्यानं."

पिशवी उचलून ती आपल्या गावाच्या, संतपूरच्या जीपकडे निघाली.