रश्मी तळमजल्यावरून सांगत होती

ऋता घाडीगावकरला ऑफिसात सगळे 'फायर ब्रिगेड' म्हणत. मरोळच्या आठमजली इमारतीत पाचव्या मजल्यावर तिचं विमा कंपनीचं ऑफिस. ओळखपत्रं, मोडक्या खुर्च्या, बिघडलेला एसी, असलं सगळं तिच्याकडे. दोन वर्षांपूर्वी आगीच्या सरावासाठी मजल्यावरचा एक जबाबदार माणूस नेमायचं ठरलं, कुणी हात वर केला नाही, आणि ते काम तिच्या गळ्यात पडलं. पण तिनं ते मनावर घेतलं. दर तीन महिन्यांनी ती शिट्टी वाजवून सगळ्यांना जिन्यानं खाली उतरवायची, रस्त्यावर उभं करून डोकी मोजायची. लोक हातातला चहा घेऊनच उतरायचे. तिचे साहेब, राजेश मोहिते, एकदा म्हणालेसुद्धा, "ऋता, खरी आग लागली तर तू आम्हाला रांगेत जाळशील."

त्या गुरुवारी पाऊण वाजता खालून फटफट आवाज आले. कुणीतरी म्हणालं, "वरात आली वाटतं." ऋता डब्याची पिशवी काढत होती. तळमजल्यावरच्या स्वागतकक्षात बसणारी रश्मी परब तिची मैत्रीण; दोघी रोज एकत्र जेवायच्या. तेवढ्यात ऋताचा मोबाइल थरथरला. रश्मीचा मेसेज होता.

'खाली येऊ नको. बंदुका आहेत. गेटवर गोळ्या घातल्या. मी काउंटरखाली.'

ऋतानं तो दोनदा वाचला. मग तिसऱ्यांदा वाचणार, तोच इमारतीचा आगीचा भोंगा वाजायला लागला. घाबरून कुणीतरी बटण दाबलं असणार. आणि दोन वर्षं जी माणसं तिच्या शिट्टीला दाद देत नव्हती, ती आज भोंगा ऐकताच झपाझप उठली आणि तिनंच शिकवलं होतं तशी मोठ्या जिन्याकडे निघाली. तो जिना थेट खालच्या लॉबीत उतरत होता.

ऋता धावली. सगळ्यांच्या आधी दाराशी पोचली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"कुणी खाली जायचं नाही."

"मॅडम, बाजूला व्हा ना," आकाश म्हणाला. सेल्समधला दांडगा पोरगा, रोज जिमला जाणारा. त्यानं तिचा खांदा धरून तिला सरकवलंच. ऋतानं दाराची मूठ सोडली नाही. मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

"आग नाहीये रे. वाच."

आकाशनं वाचलं आणि त्याचा हात आपोआप खाली आला. मागच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पाय मागे घेतले. तेवढ्यात भोंगा बंद पडला. ऋतानं दार लावलं. लावून उपयोग काय, ते तिलाच ठाऊक होतं. दार काचेचं, भिंती काचेच्या. गेल्या वर्षी नूतनीकरणात सगळं पारदर्शक करून घेतलं होतं. लपायला बाथरूमशिवाय जागा नव्हती आणि त्याची कडी ढिली होती.

फोन पुन्हा थरथरला. रश्मीच्या काउंटरखाली कॅमेऱ्यांचा छोटा पडदा होता. तिथं दडून ती सगळे मजले बघत होती.

'दोघं लिफ्टने वर. तिसऱ्यावर उतरले. एक मागच्या जिन्याच्या खालच्या दाराशी उभा.'

म्हणजे मागच्या जिन्यानं खाली जाणंही गेलं. ऋतानं एक खोल श्वास घेतला. नवल म्हणजे तिचं डोकं एकदम स्वच्छ झालं होतं. मागचा जिना खाली बंद असला तरी वर मोकळा होता. तिनं धोंडिराम साळव्यांना फोन लावला. हे इमारतीचे पंप, टाक्या, दिवे सांभाळायचे. मूळचे साताऱ्याकडचे, निवृत्तीला आलेले.

"काका, कुठे आहात?"

"गच्चीवर, मॅडम. टाकीपाशी. खाली काय फटाके लावल्यात का?"

तिनं तीन वाक्यांत सांगितलं.

"वर या," धोंडिराम म्हणाले. "दार उघडून ठेवतो. पायातलं काढून या समदी. जिना लोखंडी आहे, आवाज व्हतो."

सत्तावीस माणसं होती. चपला, बूट, उंच टाचांचे सँडल पँट्रीपाशी ढीग करून ठेवले गेले. तेवढ्यात राजेश साहेब आपल्या केबिनच्या दारात कुबड्यांवर उभे दिसले. मागच्या आठवड्यात क्रिकेट खेळताना त्यांचा पाय मोडला होता. गुडघ्यापर्यंत प्लास्टर होतं.

"तुम्ही जा," ते म्हणाले. चेहरा पांढराफटक, पण आवाज शांत. "मी टेबलाखाली बसतो. माझ्यामुळे सगळे अडकाल."

"सर, माझ्या यादीत सत्तावीस नावं आहेत," ऋता म्हणाली. "मी सव्वीस मोजणार नाही."

तिनं आकाशकडे नुसतं बघितलं. आकाश साहेबांपुढे पाठ करून वाकला आणि म्हणाला, "बसा सर. शाळेत पोतं उचलायची शर्यत जिंकायचो मी."

ते चढायला लागले. खालून, कुठूनतरी दोन मजले खालून, गोळीचा आवाज आला आणि मग एक किंकाळी, अर्ध्यावर तुटलेली. कुणी रडलं नाही. अनवाणी पायांची सळसळ फक्त. सहाव्या मजल्यावर ऋतानं दारावर बोटानं टकटक केली. आतल्या सहा जणांना हातानंच या म्हणून खुणावलं. सातवा रिकामा होता, आठव्यावरची कामाची वेळ संध्याकाळची. आकाशचा श्वास भात्यासारखा चालला होता. शेवटच्या वळणावर साहेब त्याच्या कानात सारखं "थांब, थांब" म्हणत होते आणि तो थांबत नव्हता.

गच्चीवरचं ऊन एकदम डोळ्यांत घुसलं. तळपाय भाजले. धोंडिरामनी सगळ्यांना वर घेतलं, लोखंडी दार लावलं आणि त्याच्या कड्यांतून पहार आडवी सरकवली.

"इथं थांबून भागायचं नाय," ते म्हणाले. "त्यांनी दार उडवलं म्हंजे?"

शेजारच्या इमारतीची गच्ची पाच फुटांवर होती, जरा खाली. गच्चीवर गळतीचं काम चाललं होतं म्हणून कामगारांच्या परांचीच्या फळ्या पडल्या होत्या. धोंडिरामनी त्यातल्या दोन जाड फळ्या आधीच काथ्यानं एकमेकींना बांधून कठड्यावरून पलीकडे टाकल्या होत्या. खाली आठ मजल्यांची बोळकांडी. तळाशी पाण्याचे पाइप आणि एक उलटी बादली.

"उभं राहायचं नाय कुणी. घोड्यावर बसतो तसं बसा आन् सरका. बघायचं पुढं."

पहिली गेली ती कमल, साठीला टेकलेली, टायपिस्ट म्हणून लागलेली आणि आता सगळ्यांची आई झालेली. साडीचा काचा मारून ती फळीवर बसली आणि बघता बघता पलीकडे. तिकडून तिनं हात पुढे केले, "या रे पोरांनो." मग रांग लागली. आजवरच्या एकाही सरावात लागली नव्हती इतकी सरळ रांग.

ऋता एका हातात फोन घेऊन उभी होती.

'चौथा. तिथं कुणी नाही.'

अकरा माणसं गेली होती. बारावी बाई फळीच्या मध्यावर अडकली, डोळे मिटून बसली. ऋता तिच्याशी बोलत राहिली, भाजीचं, मुलाच्या परीक्षेचं, काहीबाही, आणि ती बाई हसली की रडली कोण जाणे, पण सरकली.

'पाचवा. तुमचं दार फोडतायत.'

ते त्यांना ऐकूही आलं. काच फुटण्याचा लांबलचक आवाज. आपली टेबलं, आपले डबे, आपल्या चपलांचा ढीग. चपला बघून त्यांना कळेल का कुठे गेले ते, हा विचार ऋताच्या मनात आला.

राजेश साहेबांची पाळी आली. प्लास्टरचा पाय त्यांनी सरळ फळीवर टाकला आणि दोन्ही हातांनी स्वतःला ढकलत निघाले. मध्यावर फळी चांगलीच वाकली. मागून आकाशनं त्यांचा पट्टा धरला होता, पुढून कमलनं बाही. "ऋता," ते मागे न बघता म्हणाले, "तू येतेयस ना?" "आलेच, सर."

एकतीस. बत्तीस. मग ती, आणि मागून धोंडिराम.

फळीवर बसल्यावर तिनं खाली बघितलं. बघायचं नाही हे माहीत असून बघितलं. बोळकांडीच्या तोंडाशी रस्त्यावर पोलिसांची गाडी, वाटेतच सोडून दिलेल्या रिक्षा, आणि कुठेही माणूस नाही. आणि तिला भीती वाटली नाही. अंग हलकं झालं होतं, कानांना बारीकसा आवाज ऐकू येत होता, उन्हात फळीचा वास येत होता. इतकं जिवंत तिला कधीच वाटलं नव्हतं. लग्नात नाही, मुलीच्या जन्माच्या वेळीही नाही. ती सरकली, पलीकडे उतरली. धोंडिराम आले. दोघांनी मिळून फळ्या ओढून घेतल्या.

तिनं रश्मीला लिहिलं, 'सगळे सुटलो. तू?' एकच टिक आली. दुसरी आलीच नाही.

शेजारच्या इमारतीतून पोलिसांनी त्यांना खाली उतरवून बाहेर काढलं. बाकीचे कोपऱ्यावरच्या शाळेच्या पटांगणात बसले. ऋता बसली नाही. तिनं पहिल्या दिसलेल्या अधिकाऱ्याला गाठलं आणि फोनवरचे मेसेज दाखवले. गाडीच्या बॉनेटवर, कुणाच्यातरी वहीच्या पाठीमागे तिनं इमारत काढून दिली: हा जिना, ही लिफ्ट, हे मागचं दार, इथं काउंटर. "काउंटरखाली माझी मैत्रीण आहे," ती पुन्हा पुन्हा म्हणाली. "निळा ड्रेस. आडवी पडलेली असेल. कृपा करून मेली समजू नका." अधिकाऱ्यानं तेच शब्द वायरलेसवर सांगितले.

चार वाजून वीस मिनिटांनी गोळीबार थांबला. तिघेही हल्लेखोर मारले गेले होते. स्ट्रेचरवरून रश्मीला बाहेर आणलं तेव्हा तिच्या खांद्यात काच घुसली होती आणि हातात बॅटरी संपलेला फोन घट्ट धरलेला होता.

घरी, घाटकोपरला, ऋतानं ती गोष्ट रात्रीपर्यंत पाच वेळा सांगितली. नवऱ्याला, मुलीला, शेजारच्यांना. दर वेळी उभं राहून, हातवारे करून. सहाव्यांदा सांगता सांगता टीव्हीवर गेलेल्यांचे फोटो आले. गेटवरचा वॉचमन मिश्रा. तिसऱ्या मजल्यावरचे तिघे, एकीचं तर महिन्याभरावर लग्न. ऋतानं वर केलेले हात खाली घेतले. मघापासून आपले डोळे चमकत होते हे तिच्या लक्षात आलं आणि स्वतःचीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हॉस्पिटलात गेली. रश्मी उशीला टेकून बसली होती.

"एक सांगू?" ऋता म्हणाली. "कुणाला सांगू शकत नाही. फळीवर असताना मला... चांगलं वाटलं गं. माणसं मरत होती आणि मला चांगलं वाटलं."

रश्मीनं खिडकीकडे तोंड वळवलं.

"ते माझ्यापासून हातभर अंतरावरून गेले," ती म्हणाली. "बूट दिसत होते. आणि मी टाइप करत होते. घाबरले होते, मुतले पण, खरं सांगते. तरी प्रत्येक मेसेज गेला ना, की वाटायचं, घ्या, तुम्हाला पत्ता नाही आणि तिला कळलं." तिनं ओठ चावला. "मिश्राजींनी मला 'मॅडम, खाली' म्हणून ओरडून सांगितलं. नंतरच त्यांना लागली."

ऋतानं तिचा हात धरला. दोघी थोडा वेळ रडल्या, नीट, आवाज करून. नर्सनं येऊन बघितलं आणि पडदा ओढून घेतला.

मग रश्मीनं नाक पुसलं. "मला फक्त मजले आणि जिने दिसत होते. गच्चीवर काय झालं ते कुठे माहितीये? सगळं सांग. आकाशनं साहेबांना खरंच पाठीवर घेतलं?"

"घेतलं ना. ऐक," ऋता म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून बसली.