एक्केचाळीस बंद घरं

कल्पिताला आपल्या आकड्यांचा भारी अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर तो फुकाचा नव्हता. मुलुंडच्या एका सर्वेक्षण संस्थेत ती सहा वर्षं संख्याशास्त्राचं काम बघत होती. कागदांचा डोंगर तिच्यापुढे आणून टाका, चार दिवसांत ती त्यातून तीन ओळींचं उत्तर काढायची, आणि त्या तीन ओळी खोडायची कुणाची टाप नव्हती. लोक गप्पा मारतात, आपण मोजतो, असं ती म्हणायची. जरा तोऱ्यातच म्हणायची.

गोराईचं काम तिच्याकडे आलं तेव्हा तिला ते डाव्या हाताचा मळ वाटलं. खाडीपलीकडे बोरिवलीला बोट नेणाऱ्या समितीला पहाटे पाचची फेरी बंद करून पहिली बोट सातला सोडायची होती. तिकिटांवरून प्रवासी कळत होते, घरं कळत नव्हती. रोज त्याच चार बाया जातात की आळीपाळीने चाळीस, हे तिकीट काही सांगत नाही. म्हणून समितीने घरांची पाहणी मागवली आणि ठरवून टाकलं, शंभरात पंधरा घरांना जरी या फेरीची गरज असली तरी ती ठेवायची, नाहीतर बंद.

कल्पिताने गावाच्या यादीतून चिठ्ठ्या काढाव्यात तशी दीडशे घरं निवडली. परेश आणि रुचिका टॅब घेऊन दारोदार फिरले. नियम नेहमीचाच होता. घर बंद असेल तर तीन वेळा जायचं, तिन्ही वेळा कुलूपच दिसलं तर शेजारचं घर घ्यायचं. पंधरा दिवसांत काम उरकलं. दीडशेपैकी सहा घरांतून कुणीतरी पाचच्या बोटीने जात होतं. म्हणजे चार टक्के. फेरीचा निकाल लागला होता, फक्त अहवाल छापायचा बाकी होता.

मंगळवारी दुपारी ती एकटीच गोराईला गेली. दोन पत्ते तपासायचे होते, आणि पाहणीत मनापासून उत्तरं देणाऱ्या फ्लेविया टीचरना आभाराचं पत्र द्यायचं होतं. टीचर निवृत्त होत्या, दिवसभर घरीच असायच्या. त्यांनी सरबत पाजलं, गावाच्या चार गोष्टी सांगितल्या. चार वाजता कल्पिता बाहेर पडली तर शेजारच्या ओट्यावर एक बाई माशांची पाटी घासत बसली होती. साठीची असेल. लुगडं वर खोचलेलं, आणि नजर अशी की समोरच्याने आपला पत्ता स्वतःहून सांगावा.

"पाचची बोट मोजनारी ती तूच का गो?" बाईने विचारलं.

"हो मावशी. काम झालं आमचं."

"झालं? माजे घरी तं कोन आलाच नाय!"

"सगळ्या घरी नाही जात आम्ही. काही घरं निवडतो, त्यावरून गावाचा अंदाज येतो," कल्पिताने समजावलं. हे तिने हजार वेळा समजावलं होतं. "भात शिजला का बघायला एकच शीत चेपून बघतो ना, तसं."

"त्ये म्हायती हाय मला. पन शीत टोपातलं चेपतेस का ताटातलं?" बाई पाटी पालथी घालत म्हणाली. "मी पाचला जाते, तीनला येते. या आळीतल्या सात जनी तशाच. तुजी मानसं कवा आलेली?"

कल्पिताने सवयीने टॅब उघडून दारावरचा क्रमांक शोधला. घर क्रमांक चौऱ्याहत्तर, कृष्णाबाई. म्हणजे हे घर चिठ्ठीत निघालेलं होतं! पुढे नोंद होती, बंद, बंद, बंद. बाजूला वेळा होत्या: अकरा दहा, दहा पन्नास, सव्वाबारा. खाली बदली घर म्हणून फ्लेविया टीचरांचं नाव होतं.

तिने यादी वर-खाली सरकवली. अशी बंद घरं एक्केचाळीस होती. एकूणएक भेटी साडेदहा ते एकच्या दरम्यानच्या. परेश मुलुंडहून निघायचा, रुचिका भांडुपहून. पोचेपर्यंत साडेदहा व्हायचे, आणि जेवायच्या आत ते परत फिरायचे. नियम अक्षरशः पाळला होता. पहाटे कोण घराबाहेर पडतं हा प्रश्न घेऊन त्यांनी गावभर फिरून नेमकं घरी बसलेल्यांना गाठलं होतं, आणि जे बाहेर पडले होते त्यांच्या जागी आणखी घरी बसलेलेच घातले होते!

चूक झाली याचं कल्पिताला एवढं काही नव्हतं, चुका तिने याआधीही पकडल्या होत्या. तिला आठवलं भांडुपचं घर. तिची आई वसुधा मुलुंडच्या औषधाच्या कारखान्यात पहिल्या पाळीला पॅकिंग करायची. पावणेसहाला कुलूप लावून मायलेकी निघायच्या, कल्पिता सकाळची शाळा भरेपर्यंत मावशीकडे. त्या वर्षांत कुणी पाहणीवाला आला असता तर त्याने काय लिहिलं असतं? बंद, बंद, बंद. आणि शेजारच्या काकूंना विचारून निघून गेला असता. आपल्याच आईला आपण यादीतून खोडलं, असं तिला वाटलं आणि तिथेच ओट्याशी उभ्याउभ्या तिला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

"मावशी, सातची बोट झाली तर तुमचं काय होईल?"

"काय व्हनार? बोरिवलीच्या बाजारात सातनंतर पोचलीस तं जागा गेली. मागं गटाराशी बसायचं. तिथं सुरमई पन कोन घेत नाय." कृष्णाबाईच्या आवाजात रडगाणं नव्हतं, ती फक्त भाव सांगावा तसं सांगत होती. "चाळीस वरसं पुढच्या फळीवर बसते मी. आता मागं नाय बसनार. धंदाच बंद करीन."

दुसऱ्या दिवशी कल्पिता संस्थेचे प्रमुख मार्तंड सर यांच्या टेबलासमोर उभी राहिली. सर माणूस चांगला, पण सोमवारी समितीची सभा होती आणि अहवालाचं मुखपृष्ठसुद्धा छापून आलं होतं.

"तीन भेटी झाल्या, शेजारचं घर घेतलं. कागदावर आपली काही चूक नाही, कल्पिता."

"कागदावर नाही सर, गावात आहे. तीन भेटी एकाच वेळेला केल्या म्हणजे एकच भेट झाली. ते वेळापत्रक मी तपासायला हवं होतं, मी नाही तपासलं. चार दिवस द्या, एक्केचाळीस घरांत संध्याकाळी जाते."

"आणि आकडा तोच आला तर?"

"तर तोच छापेन. पण यायचा नाही."

एवढ्या ठामपणे बोलणाऱ्या माणसाला नाही म्हणणं सरांना जमत नसे. परेशने मात्र कपाळावर हात मारला. "वाट लागली यार! शनिवारपण गेला?" तो म्हणाला खरा, पण सर्वांत आधी जेटीवर तोच हजर होता.

चार ते सात या वेळात गाव वेगळंच होतं. कुलपं उघडली होती, ओट्यांवर पाट्या वाळत होत्या, बायका पाय पसरून चहा पीत होत्या. एक्केचाळीसपैकी तेहतीस घरं उघडी मिळाली आणि त्यातल्या सत्तावीस घरांतून कुणी ना कुणी पाचची बोट धरत होतं. कोळणी होत्या, वाडीतली भाजी नेणारी मॉनिका होती, बेकरीत कामाला जाणारा शॉन होता. बदली घरं काढून टाकून कल्पिताने हिशेब मांडला; आधीच्या सहांतलं एक घर बदलीचं होतं, तेही गेलं. एकशे बेचाळीस घरांत बत्तीस. साडेबावीस टक्के.

कृष्णाबाईला आकडा सांगितला तर तिने तोंड वाकडं केलं. "साडेबावीसच? पन्नास लिही. कोन येतंय बघायला?"

"मी बघते ना. जेवढे आहेत तेवढेच लिहिणार. आठ घरं अजून बंदच आहेत, तेही लिहिणार."

"भारी खडूस हाईस गो," कृष्णाबाई म्हणाली, आणि तिला सुक्या बोंबलांची पुडी बांधून दिली. कल्पिताने ती नियमाप्रमाणे परत केली. त्यावरून आणखी चार शब्द ऐकून घेतले.

सोमवारी सकाळी अकराला गावातल्या शाळेत सभा भरली. समितीचे अध्यक्ष शिवदास, दोन बोटवाले, मार्तंड सर, फ्लेविया टीचर आणि पाचसहा निवृत्त पुरुष. बाकी खुर्च्या रिकाम्या. कल्पिताने अहवालाचं पहिलं पान वाचलं. आधीची पाहणी चुकली होती, चूक पर्यवेक्षक म्हणून माझी होती, आता आकडा साडेबावीस आहे. सरांनी मान खाली घातली होती. त्यांना हे पान शेवटी हवं होतं, ती पहिलंच ठेवायला अडून बसली होती.

शिवदास हसले. "बाई, आठवड्याभरात चारचे साडेबावीस झाले. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा? आम्ही देवळापाशी नोटीस लावली, चर्चपाशी लावली. जिला त्रास होणार तिने यावं, बोलावं. एक तरी आलीय का? बघा ना हॉल!"

बोटवाल्यांनी माना हलवल्या. हॉलकडे बघितलं तर त्यांचं म्हणणं खोटं नव्हतंच. क्षणभर कल्पिताही गडबडली. मग तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि तिला एकदम हसू आलं.

"साहेब, किती वाजले?"

"सव्वाअकरा. का?"

"माझी माणसं याच वेळेला कृष्णाबाईंच्या दारात उभी होती. मी लिहिलं, घर बंद. तुम्ही आता तेच लिहिताय. त्या बोरिवलीला पुढच्या फळीवर बसल्यात. ही सभा संध्याकाळी सहाला घ्या. तेव्हाही कुणी आलं नाही, तर मी स्वतः चार टक्के लिहून सही करते."

शिवदासांनी बोटवाल्यांकडे पाहिलं, बोटवाल्यांनी छताकडे. फ्लेविया टीचर उठल्या आणि त्यांनी एवढंच म्हटलं, "शिवदास, तू माझा विद्यार्थी आहेस. सहाला घे."

सहाला शिवदासांना स्वतःच्या खुर्चीपर्यंत पोचता येईना. बाकांवर बायका, खिडक्यांत बायका, व्हरांड्यात बायका. कुणी बाजारातून थेट आलेल्या, हॉलभर मासळीचा वास. बंद राहिलेल्या आठ घरांतल्याही पाचजणी त्यात होत्या, रुचिकाने दारातच नावं विचारून यादीत खुणा केल्या. पाचची फेरी बंद करायचा ठराव वाचला गेला तेव्हा कुणी ओरडलं नाही. शिवदासांनी विचारलं, कोणाकोणाचा पाठिंबा? एकही हात वर झाला नाही. त्यांनी ठरावावर आडवी रेघ मारली.

गर्दीतून वाट काढत कृष्णाबाई कल्पिताजवळ आली. "बघितलंस? शंभर टक्के झाले का नाय?"

"नाही मावशी," कल्पिता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज पक्का होता. "इथे आलेल्या सगळ्या पाचच्या बोटीवाल्याच आहेत. गावाचा आकडा साडेबावीसच."

कृष्णाबाईने तिच्याकडे रोखून बघितलं. मासळीच्या गिऱ्हाइकाला शेवटचा भाव देताना बघावं तसं.

"असू दे साडेबावीस. कुनी इचारलं तं मीबी तेवढंच सांगन." तिने पदर खोचला. "चल, झोपाया पायजे. पाचला जायाचंय."