उतारावरचा तरीवाला

लवू मुंबईत मूर्तिकाम शिकून १९३३ साली चिपळुणात परतला. गावातल्या एका व्यापाऱ्याने त्याला वाशिष्ठीच्या काठावर चार पुतळे उभे करायला सांगितले. राजाचे नकोत, देवाचे नकोत, इथल्या कष्टकऱ्यांचे हवेत. लवूने सिमेंटमध्ये टोपलीवाली कोळीण केली, पोत्याखाली वाकलेला हमाल केला, कमरेला कोयता लावलेला भंडारी केला. शेवटचा पुतळा होडी लागते त्या उतारावर, लोकांना नदीपार नेणाऱ्या तरीवाल्या मुसाचा. मुसा दोन दिवस समोर बसला, तिसऱ्या दिवशी तापाने पडला आणि आठवड्यात गेला. बाकीचं काम लवूने आठवणीने पुरं केलं. तोंड किंचित उघडं ठेवलं. पलीकडून हाक आली की मुसा "आलो" म्हणायचा, तेव्हा तसाच दिसायचा.

संध्याकाळी लोक काठाने फिरत पुतळे बघू लागले. मुसाची बायको आसिया मात्र तिकडे फिरकली नाही.

मार्गशीर्षात सकाळचं धुकं पडू लागलं. आता मुसाचा पुतण्या अली होडी चालवत होता. एके दिवशी तो पलीकडे पोचला तेव्हा एक म्हातारा त्याच्यावर चिडला.

"आलो म्हणालास, आणि तासभर उभा ठेवलास?"

"मी चहा पीत होतो, आजोबा. मी बोललोच नाय."

पुढच्या आठवड्यात आणखी दोघांनी तीच तक्रार केली. अली धुक्यात एकटा उताराशी थांबेनासा झाला.

पौषात एका धुक्याच्या सकाळी धाकू नावाचा शेतकरी बायकोला घेऊन पलीकडच्या काठावर आला. त्याने हाक मारली. "आलो" असं अगदी पुढ्यातूनच ऐकू आलं. होडी टेकली असं समजून धाकूने पाय टाकला. भरतीचं पाणी होतं. दुपारी त्याचं प्रेत खाली बंदराजवळ सापडलं.

दुसऱ्या दिवशी आसिया लवूच्या दारात उभी राहिली.

"चल, दाखव मला."

दोघं काठाने चालू लागले. कोळणीजवळ ती थांबली आणि म्हणाली, "ही तर गंगा. नाकातली मोरणीसुद्धा तिचीच." हमालाच्या पाठीवरून तिने हात फिरवला. भंडाऱ्याकडे बघून किंचित हसली. लवूला वाटलं, ती मुद्दाम सावकाश चालते आहे.

उतारावर आल्यावर मात्र ती पुतळ्याच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली.

"माणूस गेला की त्याचं काम सरतं," ती म्हणाली. "तू ते सरू दिलं नायस."

"आजच फोडून टाकतो, आसियाबी," लवू म्हणाला.

"फोडायचा नाय. त्याच्या तोंडावर घण मी बघायची नाय. पाण्यात सोड."

ओहोटीच्या आधी सहा जणांनी दोरखंड लावून पुतळा होडीत आडवा घातला. होडी इतकी खचली की पाणी तिच्या कडेच्या बोटभर खाली आलं. आसिया पुढच्या टोकाला नाळेशी बसली, लवू पुतळ्याच्या डोक्याशी, अली वल्ह्यावर. मध्यावर, जिथे लांब बांबूसुद्धा तळाला लागत नाही, तिथे त्यांनी पुतळा कडेवरून सरकवला. तो फारसा आवाज न करता गेला. बुडबुडे आले आणि थांबले. आसियाने तोंडातल्या तोंडात दुवा म्हटली.

लवूला मोकळं वाटलं. अलीने वल्हं मारलं, मग पुन्हा मारलं, आणि वाकून होडीच्या कडेकडे बघितलं. पाणी अजून तिथेच होतं, बोटभर खाली.

"लवूदादा," तो हळूच म्हणाला, "होडी वर आली नाय."

लवूने आसियाकडे पाहिलं. ती बसल्या जागी थोडी सरकली होती, शेजारी कुणाला तरी जागा करून देत.

"वल्हव, अली," ती म्हणाली. "त्याला घरी नेते मी."